केळ्यांचा आळ

"केळी किती खाल्लीत?" डॉक्टर हेर्लेकरांनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं.

"एकही नाही."

"शहाळी?"

"नाही."

"अण्णा, तुमच्या रक्तातलं पोटॅशियम सहा पूर्णांक दोन आलंय. पाचाच्या आसपास असलं तर मी निवांत झोपतो. ते काही आभाळातून पडत नाही."

शेजारच्या खुर्चीत माझी बायको इंदू बसली होती. तिनं एक उसासा टाकला. डॉक्टरला ऐकू जावा आणि नवऱ्याला लागावा, अशा बेतानं टाकलेला.

"यांची केळीची वखार आहे हो डॉक्टर," ती म्हणाली. "सकाळी चहा घेऊन जातात ते रात्री जेवायलाच येतात. तिथं काय करतात ते मला काय ठाऊक?"

"वखारीत माणूस काय करतो? केळी पिकवतो आणि विकतो."

"आणि मधनं एखादं तोंडात टाकतो," डॉक्टर म्हणाले आणि दोघं हसले. मी हसलो नाही.

मिरजेच्या बाजारात शेट्यांची वखार माझ्या आजोबांपासूनची. घडाकडे नुसतं बघून किती फण्या निघणार आणि किती दिवसांत पिकणार ते मी सांगतो. पण केळं मी खात नाही. लहानपणी जो माल डागी पडायचा, विकण्यासारखा उरायचा नाही, तो घरी यायचा आणि आमच्या पानात पडायचा. केळ्याची कोशिंबीर, केळ्याचा शिरा, केळ्याची भाजी, परत कोशिंबीर. शाळेच्या डब्यातही तेच. पुढं वखार माझ्या हातात आली आणि पहिली गोष्ट मी केली ती ही, की माझ्या पानात केळं वाढायचं नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दारू पिणारा माणूस आपण कशी सोडली ते सांगतो, तेव्हा हलवतात तशी.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मला कळेल अशा भाषेत सांगायला घेतलं. "हे बघा, पोटॅशियम वाईट नाही. ते कमी पडलं तर हातपाय लुळे पडतात, हृदय अडखळतं. सगळ्यांनाच लागतं. आपण खातो त्यातनं येतं आणि जादा झालेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. तुमची मूत्रपिंडं आता पाव हिस्सासुद्धा काम करत नाहीत. आवक चालू आणि जावक बंद. मग माल कुठं जाणार?"

"वखारीतच साठणार."

"रक्तात साठतो. आणि एका मर्यादेपुढं गेला की हृदयाचा ठोका बिघडतो. एखादे दिवशी पुढचा ठोका पडतच नाही. दुखत नाही, खुपत नाही, आधी निरोप येत नाही."

इंदूच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. ती उचलायचं तिला सुचलं नाही.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची एक गोळी बदलली, वाळूसारखी लागणारी एक पावडर लिहून दिली आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं आहाराचं सांगणारी एक मुलगी होती. बाहेर रांग होती आणि तिला घाई होती. केळी नको, संत्री नको, शहाळं नको, गूळ नको, कमी सोडियमचं म्हणून विकतात ते मीठ तर अजिबात नको. "आणि काकी, भाज्या अशाच फोडणीला टाकायच्या नाहीत. बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी काढायचं आणि मग करायच्या. डाळसुद्धा तशीच. सत्त्व थोडं जातं पाण्यात, पण इलाज नाही."

इंदू एकेक गोष्ट मनात घोळवत होती. तिची स्मरणशक्ती म्हणजे कुलूप. आत गेलेलं बाहेर येत नाही आणि कुणाला बदलताही येत नाही.

रिक्षात बसल्याबसल्या ती म्हणाली, "खरं सांगा. खाल्लीत ना?"

"नाही म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये सगळा निकाल होता.

पुढच्या खेपेला आकडा सहा पूर्णांक चार आला.

मला वाटलं, चूक प्रयोगशाळेची. रक्त घेणाऱ्या रेहानाबाईंनी दंडाला रबर आवळून "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" असं मला बराच वेळ करायला लावलं होतं. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा माझ्या बाजूचा झाला. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "मूठ फार चाळवली किंवा नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. पुन्हा घेऊ. मूठ सैल ठेवा."

मी विजयी मुद्रेनं इंदूकडं बघितलं. पुन्हा रक्त घेतलं. मूठ सैल, हात सैल, सगळा माणूस सैल. आकडा तोच.

"आता?" इंदू म्हणाली.

त्या संध्याकाळी माझा मुलगा शेखर वखारीतून थेट आमच्या खोलीत आला. शेखर मुलगा चांगला. हिशेबाला पक्का, बोलायला मोजका, म्हणजे माझाच माल, फक्त माझ्यापेक्षा लवकर पिकलेला. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं छताकडं बघत सुरुवात केली.

"अण्णा, उद्यापासून तुम्ही वखारीत येऊ नका."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही. तू सांग."

"समोर माल असला की हात जाणारच. माणूस आहे."

"शेखर, तुझ्या जन्मापासून मी त्या वखारीत आहे. मला केळं खाताना कधी बघितलंस?"

"बघितलं नाही म्हणून तर काळजी वाटते," तो म्हणाला.

मी इंदूकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. उलट सरळ बघून म्हणाली, "तुमच्या जिवासाठीच सांगतोय तो."

वखार बंद झाली, म्हणजे माझ्यापुरती. सकाळी गाडी उतरायच्या वेळेला मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. कुठला माल आला असेल, किती पक्व असेल, शेखर कुणाला उधार देत असेल, या विचारानं माझा जीव वरखाली व्हायचा. इंदू दारात उभी राहून राखण करायची. मी फाटकाकडं गेलो तर लगेच, "कुठं निघालात?" मी खिशात हात घातला तर, "काय आहे खिशात?" एकदा तर मी शेजारच्या पाटगावकर मास्तरांकडं पेपर वाचायला गेलो, परत आल्यावर तिनं माझं तोंड हुंगलं. या वयात बायको तोंड जवळ आणते ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

पाटगावकर मास्तरही हेर्लेकरांचेच पेशंट. त्यांचंही मूत्रपिंडाचंच चाललेलं, पण माझ्याइतकं नाही. ते मला म्हणायचे, "अण्णा, कबूल करून टाका. मन हलकं होतं. मी एकदा आंब्याची फोड खाल्ली आणि डॉक्टरांना सांगून टाकली."

"मास्तर, मी काही खाल्लंच नाही."

"तेच. मीही आधी असंच म्हणायचो."

जेवणाचं तर विचारूच नका. उकळून, निथळून, चव गेलेली दोडक्याची भाजी. उकळून निथळलेला बटाटा. उकळून निथळलेली डाळ, तीही चमचाभर. मीठ बोटाच्या टोकाएवढं. ताटाकडं बघून वाटायचं, हे कुणाचं तरी आधीच खाऊन झालेलं आहे. एकच गोष्ट जेवणासारखी लागायची, ती म्हणजे सार. वर जिऱ्याची फोडणी, घरचा काळा मसाला, चिंचेचा जरासा कोळ आणि वाटीवर तरंगणारी कोथिंबीर. इंदूच्या हाताला तेवढी एक गोष्ट सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही वेळेला दोन दोन वाट्या प्यायचो आणि तीही न मागता तिसरी अर्धी ओतायची.

"हे आवडतं बघा यांना," ती पाटगावकर वहिनींना सांगायची. "एवढंच काय ते पोटात जातं."

तिसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा मी निर्धास्त होतो. इतके दिवस केळ्याचा वासही घेतला नव्हता. दुपारी दवाखान्यातून फोन आला. आहात तसे या, म्हणाले.

आकडा सहा पूर्णांक सात. छातीला तारा लावून काढलेल्या आलेखावर, एरवी छोट्या टेकडीसारख्या दिसाव्यात त्या रेषा उंच टोकदार तंबूंसारख्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी मला तिथंच झोपवलं, शिरेत एक इंजेक्शन सावकाश दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन लावलं. माझ्या हातात कसलीही कळ नव्हती, छातीत दुखत नव्हतं, आणि सगळे जण मात्र माझ्याकडं असे बघत होते की जणू मी कडेलोटाच्या टोकावर बसून शेंगा फोडतोय.

रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टर शेखरशी बाहेर बोलत होते. दार पूर्ण लागत नव्हतं.

"आणखी एकदाच बघतो. पुढच्या आठवड्यात पाचाच्या जवळ आलं नाही तर मला थांबता येणार नाही. मानेत नळी टाकून डायलिसिस सुरू करावं लागेल."

"पण डॉक्टर, वखारीत जाऊ देत नाही आम्ही. घराबाहेर जाऊ देत नाही."

"मग कोणीतरी आणून देतंय."

मग इंदूचा आवाज आला. हळू, पण दाताखालून आलेला. "ज्यानं कुणी यांना चोरून खायला घातलं असेल ना, त्याचं कधी बरं होणार नाही. देव त्याला बघून घेईल."

मला त्या वेळी हसू आलं होतं. म्हटलं, देवाला बिचाऱ्याला गिऱ्हाईकच सापडणार नाही.

घरी आल्यावर करायला काही नव्हतं. फाटकापर्यंत जायची बंदी, पेपर वाचून संपलेला, पाटगावकर मास्तर गावाला गेलेले. उरलं काय, तर स्वयंपाकघर. माझ्या उभ्या संसारात मी तिथं पाणी प्यायला सोडून कधी थांबलो नव्हतो. त्या सकाळी पाट टाकून भिंतीला टेकून बसलो.

"इथं काय?" इंदू म्हणाली.

"तुझ्यावर नजर ठेवतो. तू माझ्यावर ठेवतेस ना."

"बसा," ती म्हणाली. "कळू दे तरी किती राबावं लागतं ते."

मी बघत बसलो. तिनं पालक बारीक चिरला, बटाटे सोलून चकत्या केल्या, शेवग्याच्या शेंगा तोडल्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून सगळं उकळत ठेवलं. तिची पद्धत माझ्या वखारीसारखीच. वस्तू जागच्या जागी, हात जपून. पाण्याला चांगली उकळी आली. तिनं दुसरं पातेलं घेतलं, त्याच्यावर चाळणी ठेवली, आणि भाजी ओतली. भाजी चाळणीत राहिली. पाणी खालच्या पातेल्यात गेलं, पिवळसर हिरवं, दाटसर. भाजी तिनं बाजूला ठेवली. आणि ते पातेलं उचलून परत गॅसवर चढवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? सार."

मी पाटावरून थोडा उठलो आणि परत बसलो.

"रोजचं सार याचंच असतं?"

"मग कशाचं? त्या पोरीनं सांगितलं, पाणी काढा. काढते की. सांगितल्याप्रमाणं एक थेंब भाजीत राहू देत नाही. डाळीचंही यातच घालते." ती फोडणीला जिरे टाकत होती. "सत्त्व पाण्यात जातं असं ती स्वतःच म्हणाली. मग ते मोरीत ओतायचं? पुरणाचा कट मी कधी टाकलाय का? तुमच्या आईनं पहिल्या दिवशी या घरात मला काय सांगितलं ते आठवतंय ना? शेट्यांच्या घरातनं टाकायला काही जात नाही."

जिरे तडतडले. तिनं काळा मसाला सोडला, वास आला, आणि माझ्या डोक्यात सगळा हिशेब एका झटक्यात जुळला. पोटॅशियम भाजीतनं पाण्यात उतरतं म्हणून तर पाणी काढायचं. भाजी नुसता चोथा. सगळा माल त्या पातेल्यात, आणि तो रोज दोन वेळा, दोन दोन वाट्या, वर अर्धी, मी मागून घेऊन रिचवत होतो. पहिला आकडा मूत्रपिंडांचा आणि त्या बदललेल्या गोळीचा असेल, पण पुढचे सगळे या साराचे. वखार बंद झाल्यापासून दुपारचंही घरीच, म्हणून आकडा आणखी चढला. जितकी राखण वाढली, तितका माल आत आला.

मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. निर्दोष. शेखरला बोलवावं, पाटगावकरांना बोलवावं, हेर्लेकरांच्या टेबलावर हे पातेलं नेऊन ठेवावं आणि म्हणावं, घ्या तुमची केळी. वाक्यं तयार होत होती. तोंड उघडलंसुद्धा.

"पहिल्यापासून तुमचं सगळं काढून घेतलं त्यांनी," इंदू पातेल्यात बघत म्हणाली. "मीठ काढलं, फळ काढलं, डाळ काढली. त्या रात्री दवाखान्यात बाकावर बसले होते ना, तेव्हा वाटलं, आपल्या हातात आता एवढं सारच राहिलंय. तुम्ही वाटी तोंडाला लावता तेव्हा बरं वाटतं मला. काहीतरी गेलं पोटात." मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून खेकसली, "तरी केळी खाताच आहात म्हणा."

मी तोंड मिटलं. दवाखान्याच्या दारातून ऐकलेलं वाक्य मला आठवलं, देव ज्याला बघून घेणार होता त्याचं. गिऱ्हाईक सापडलं होतं. आणि ते गिऱ्हाईक पळीनं सार ढवळत होतं.

त्या दिवशी मी सार प्यायलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली, तेव्हा मी वाटी घेतली आणि ती आत गेल्यावर तुळशीत ओतली. तुळस बहुतेक खूश झाली. पण असं किती दिवस चालणार होतं?

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "आधी मला एकट्याला बोलायचंय."

सगळं ऐकून हेर्लेकर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग चष्मा परत चढवला. "चूक आमचीही आहे. त्या मुलीला आता सांगतो, पाणी काढून टाका असं दर वेळी बजाव म्हणून. वहिनींना बोलवा, सांगू."

"नको."

"का?"

"तिनं त्या सकाळी तुमच्यासमोर कुणाला काय म्हटलं, ते आठवतंय?"

त्यांना आठवलं. त्यांनी टेबलावरचं पेन एकदा फिरवलं. "म्हणजे अण्णा, आळ तुम्ही डोक्यावर घेणार?"

"आळ आधीच डोक्यावर आहे. कबूल करायचाच काय तो राहिलाय. तुम्ही फक्त सार बंद करा. कारण काहीही सांगा."

मग इंदू आणि शेखर आत आले. मी घसा साफ केला. "मी खात होतो. केळी."

इंदूनं डोळे मिटून घेतले. शेखरनं मात्र हिशेब मागितला. "कुठली?"

"वेलची."

"पण वखारीत तर तुम्ही येतच नव्हता."

खोटं बोलायचं तर त्यालाही वजन लागतं. मी याचा विचारच केला नव्हता. "कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं," मी म्हणालो. "आई देवळात गेली की."

"विकत?" शेखरचा आवाज चिरकला. "अण्णा, तुम्ही गाड्यावरनं केळी विकत घेतलीत? किरकोळ भावानं?"

मानेत नळी घुसणार म्हटल्यावर जे झालं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्याचं त्या क्षणी झालं. शेट्यांच्या तीन पिढ्या त्याच्या डोळ्यांसमोरून खाली मान घालून निघून गेल्या.

"वखारीचं आता विसरा," तो म्हणाला. "कागद मी करून घेतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? हेर्लेकर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी इंदूला सांगितलं, "आणि वहिनी, पाणी साचतंय यांच्या अंगात. सार, आमटी, कट, पातळ सगळं आजपासून बंद. एक चमचाही नाही."

"सारसुद्धा?" इंदू म्हणाली. "अहो, तेवढंच तर..."

"सारसुद्धा."

ती बाहेर येऊन मला म्हणाली, "बघितलंत? तुमच्या केळ्यापायी माझं सार गेलं."

पुढच्या वेळी आकडा चार पूर्णांक नऊ आला. घरात दिवाळी. इंदूनं गल्लीभर सांगितलं. कबूल केल्यावर कसं उतरलं, माणसाची चोरी कशी पकडावी, राखण कशी करावी, सगळं. पाटगावकर मास्तर गावाहून आले ते मुद्दाम मला भेटायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हटलं नव्हतं? मन हलकं होतं." मी हं म्हटलं. शेखर कागद घेऊन आला. मी सह्या केल्या. सकाळी गाडीचा हॉर्न ऐकू यायचा आणि मी कूस बदलायचो.

एवढ्यावर मिटलं असतं. पण मास्तरांचा रिपोर्ट आला, आणि त्यांचंही पोटॅशियम थोडं वर गेलं होतं.

त्या दुपारी मी झोपेतून उठलो तर इंदू स्टीलच्या डब्यात काहीतरी भरून फाटकाकडं निघाली होती. वास आधी आला.

"कुठं?"

"पाटगावकरांकडं. वहिनींनाही सगळं उकळून निथळून द्यायला सांगितलंय. मास्तरांना नुसता चोथा जात नाही म्हणाल्या. म्हटलं, तुम्हाला पातळ बंद झालंय, त्यांना थोडंच झालंय? सार नेऊन देते. ताकद येईल."

मी चपला न घालताच धावलो. ज्या फाटकाबाहेर जायची मला बंदी होती, त्याच्या बाहेर पाटगावकरांच्या पायरीपाशी मी तिला गाठलं.

"हे देऊ नको."

"का?"

"आंबट असेल."

"आज चिंच घातलेलीच नाही."

"मास्तरांना आवडत नाही."

"विचारलंय. आवडतं म्हणाले." ती वर निघाली. मी डब्याला हात घातला. तिनं ओढला, मी ओढला, झाकण उडालं आणि निम्मं सार पायरीवर सांडलं.

"अहो, वेड लागलं का?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, रस्त्यात, धाप लागलेली असताना. पोटॅशियम भाजीतनं पाण्यात उतरतं. ते पाणी टाकायचं असतं. सगळं त्यात असतं.

ती डब्यात बघत राहिली. तिच्या त्या कुलूपबंद डोक्यात एकेक गोष्ट जागची हलताना मला दिसत होती.

"म्हणजे सहा पूर्णांक सात..."

"हं."

"ते इंजेक्शन. रात्रभर ठेवलं ते..."

"हं."

"आणि केळी?"

"मला केळं आवडत नाही इंदू. लग्न झाल्यापासून कधी खाताना बघितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मग डॉक्टरांसमोर कबूल का केलंत?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्याचं भांडणाच्या चेहऱ्यात रूपांतर झालं.

"उभ्या जन्मात कुणा गिऱ्हाइकाला एक फणी जास्त दिली नाहीत," ती म्हणाली, "आणि खोटं बोललात ते असं? तोट्यात?"

तेवढ्यात पाटगावकर वहिनी दारात आल्या. "अगं बाई, सांडलं का सार?"

इंदूनं उरलेला डबा त्यांच्यासमोर गटारात उपडा केला. "वहिनी, तुम्ही भाजी उकळल्यावर ते पाणी काय करता?"

"मोरीत ओतते," वहिनी गोंधळून म्हणाल्या. "दुसरं काय करणार त्याचं?"

इंदूनं मान हलवली, डबा काखेत मारला आणि घराकडं चालायला लागली. मी अनवाणी तिच्या मागं. घरात शिरल्याशिरल्या तिनं वखारीचा फोन फिरवला.

"शेखर? उद्या सकाळी गाडी उतरायच्या आत येऊन वडलांना वखारीत घेऊन जा... मी सांगते म्हणून... कागद असू देत तुझ्याकडं, गादीवर ते बसतील... नाही, त्यांनी केळी खाल्लीच नव्हती... मीच. मी पाजलं, रोज... सार, सार! भाजीचं पाणी... हसतोस काय रे मेल्या? बाप मरायला टेकला होता!"

तिनं फोन आपटला. दोन पावलं आत गेली, थांबली आणि वळली.

"आणि तुम्ही," ती माझ्यावर बोट रोखून म्हणाली, "मला बोल लावू नका. दोन दोन वाट्या मागून घ्यायचात, ते कोण?"